‘मृत हृदया’चे रंग : आल्बर्ट नामाट्जिराची जलरंगचित्रे

जे. डब्ल्यू. ग्रेगरी या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०१-०२च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील लेक आयर या बहुधा कोरड्याच असणाऱ्या सरोवराभोवती प्रवास केला. त्या प्रवासाची हकीकत १९०६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुस्तकाला नाव मिळाले ‘द डेड हार्ट ऑफ ऑस्ट्रेलिया’. मजकुरापेक्षा शीर्षकाला दीर्घ आयुष्य लाभावे, असे काही पुस्तकांच्या नशिबी असते. खंडाच्या मध्यभागी पसरलेल्या लाल वाळवंटाला ‘मृत हृदय’ म्हणण्याची रीत या शीर्षकामुळे रूढ झाली. एखाद्या प्रदेशाला मृत ठरवले की तेथे राहणाऱ्या माणसांची दखल घेण्याची जबाबदारीही आपोआप टळते. नाव देणे ही निरुपद्रवी कृती नसते, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

ग्रेगरीचा प्रवास संपल्यानंतर काही महिन्यांनी, २८ जुलै १९०२ रोजी, खंडाच्या ऐन मध्यभागी फिंक नदीच्या काठी एक अरांडा मूल जन्माला आले. अरांडा हे तेथील आदिवासी जमातीचे जुन्या ग्रंथांतून परिचित झालेले नाव. आज ते ‘अरेर्न्ट’ असे लिहिले जाते. हे मूल म्हणजे चित्रकार आल्बर्ट नामाट्जिरा. ‘मृत हृदय’ या वर्णनाला त्याने जलरंगांतून उत्तर दिले, म्हणजे हे वर्णन ज्यांनी केले त्यांच्याच माध्यमातून दिले. ते उत्तर लोकांना आवडले, हातोहात विकले गेले, त्याच्या छापील प्रती घरोघरी भिंतींवर लागल्या. पण ते उत्तर आहे, ही गोष्ट मात्र समीक्षेच्या लक्षात यायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. हा विलंब का झाला, याचा विचार येथे करायचा आहे.

जलरंग आणि वाळवंट यांचे नाते वरवर विसंगत वाटते. ज्या माध्यमाचा प्राणच पाणी आहे, ते पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशाला कसे मानवेल? व्यवहारात मात्र वाळवंटात प्रथम पोचले ते जलरंगच. रंगांची छोटी पेटी, कागद, दोन-तीन कुंचले आणि वाटीभर पाणी एवढ्यावर काम भागते. तैलरंगांसारखे चित्र वाळण्यासाठी दिवसचे दिवस थांबावे लागत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील शोधमोहिमांबरोबर जाणाऱ्या चित्रकारांचे आणि निसर्गशास्त्रज्ञांचे ते नेहमीचे साधन होते. छायाचित्रण हाताळायला सोपे होण्यापूर्वी वनस्पतीची नेमकी छटा किंवा सरड्याच्या पाठीवरचे ठिपके नोंदवण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

या परंपरेतील एक विलक्षण माणूस म्हणजे लुडविग बेकर. जन्माने जर्मन असलेला हा चित्रकार-निसर्गशास्त्रज्ञ १८६० साली मेलबर्नहून निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेत सामील झाला, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. मोहिमेसाठी कराचीहून जहाजाने उंट आणले होते आणि त्यांच्याबरोबर भारतीय उपखंडातून उंटवालेही गेले होते. मोहिमेचा नेता बर्क याला शास्त्रीय कामाचे फारसे सोयरसुतक नव्हते. उंटांवर सामान लादायचे, उतरवायचे आणि दिवसभर पायी चालायचे, असा हुकूम त्याने बेकरला दिला. मग बेकर उरल्यासुरल्या वेळात, रात्रीच्या मुक्कामावर चित्रे काढू लागला. पाली, मासे, पक्षी, वनस्पती, भूमीचे चढउतार यांच्या त्याने केलेल्या नोंदी आजही अभ्यासकांना थक्क करतात. मार्च १८६१मधील त्याचे एक जलरंगचित्र चिखलाच्या वाळवंटाच्या सीमेवरचे आहे. त्या मुक्कामाला मोहिमेने ‘डेसोलेशन कॅम्प’, म्हणजे ‘वैराण तळ’, असेच नाव दिले होते. सपाट भूमी, क्षितिजापाशी मृगजळ आणि त्यावर पसरलेला निष्ठुर प्रकाश. पुढच्याच महिन्यात, २९ एप्रिल १८६१ रोजी, बुलू येथील तळावर आजाराने खंगून बेकर मरण पावला.

बेकरची नजर प्रामाणिक आहे, सूक्ष्म आहे, करुणही आहे. तरीही ती पाहुण्याची नजर आहे. त्याच्या चित्रांत प्राण्यांना आणि वनस्पतींना स्थान आहे, पण भूमीला मात्र तिचे स्वतःचे नाव नाही. हीच गोष्ट पुढील नकाशांतही दिसते. अरांडांची लारापिंटा ही नदी १८६० साली जॉन मॅकडूअल स्टुअर्टने आपल्या एका आश्रयदात्याच्या नावाने ‘फिंक’ केली. रुचिप्मा या पर्वताचा १८७२मध्ये अर्नेस्ट गाइल्सने एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ‘माउंट साँडर’ केला. १८७७ साली जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी फिंकच्या काठी वसाहत उभारली आणि न्टारिया या स्थळाचे हरमान्सबर्ग झाले.

याच मिशनमध्ये नामाट्जिरा वाढला. आईवडिलांनी ठेवलेले त्याचे नाव एलिया. १९०५ साली बाप्तिस्मा होऊन तो आल्बर्ट झाला. बायबल आणि भजने यांच्या जोडीला तेराव्या वर्षाच्या सुमारास अरांडा दीक्षाविधीही झाला आणि पूर्वजांच्या भूमीचे ज्ञान वडीलधाऱ्यांकडून मिळाले. पुढे नात्यागोत्याच्या नियमांत न बसणाऱ्या मुलीशी लग्न केल्यामुळे काही वर्षे त्याला मिशनपासून दूर राहावे लागले. उंट हाकणे, लोहारकाम, सुतारकाम, गुरे राखणे अशी सगळी कामे त्याने केली. मल्गा या बाभळीच्या जातीच्या झाडाच्या लाकडावर तापलेल्या सळईने नक्षी काढून विकण्याचा उद्योग मिशनने सुरू केला, तेव्हा त्यातही त्याचा हात बसला. कांगारू, एमू हे प्राणी त्याच्या या सुरुवातीच्या कामात आढळतात.

येथे पाण्याचा एक प्रसंग नोंदवला पाहिजे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात भीषण अवर्षण पडले आणि मिशनमधील अनेक मुले दगावली. काही किलोमीटरवरच्या कापोरिल्या झऱ्यापासून नळ आणल्याखेरीज वस्ती टिकणार नव्हती आणि त्यासाठी पैसा नव्हता. व्हायोलेट टीग ही चित्रकर्ती आणि तिची बहीण ऊना यांनी मेलबर्नमध्ये चित्रांची विक्री आयोजित करून निधी जमवला आणि १९३५ साली हरमान्सबर्गला पाणी आले. चित्रांनी वाळवंटात पाणी आणले, हे येथे अलंकारिक विधान नाही.

त्याआधी वर्षभर, १९३४ मध्ये, रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोन चित्रकारांनी आपल्या जलरंगचित्रांचे छोटे प्रदर्शन मिशनमध्येच भरवले. परिसरातील अरांडा मंडळी ते पाहायला लोटली. आपल्याच डोंगरदऱ्या कागदावर उतरलेल्या त्यांनी पाहिल्या आणि स्थळे ओळखली. बॅटरबी हा पहिल्या महायुद्धात जबर जखमी होऊन परतलेला सैनिक. एक हात जवळजवळ निकामी झालेला. १९३६ साली तो पुन्हा आला, तेव्हा नामाट्जिराने त्याच्याशी एक साधा करार केला. मी उंट हाकतो, वाट दाखवतो. तू मला रंगवायला शिकव. पाम व्हॅली आणि मॅकडॉनेल पर्वतरांगा अशा दोन सफरी, प्रत्येकी सुमारे महिनाभराच्या, त्यांनी केल्या. औपचारिक शिक्षण म्हणावे ते एवढेच. डोंगराची वाट कोणाला माहीत होती आणि रंगाची कोणाला, हे पाहिले तर या दोघांत गुरू कोण आणि शिष्य कोण, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

१९३७मध्ये अॅडलेड येथील बॅटरबीच्या प्रदर्शनात नामाट्जिराची तीन चित्रे लागली. डिसेंबर १९३८मध्ये मेलबर्नला त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. ४१ चित्रे होती आणि तीन दिवसांत सगळी विकली गेली. आरंभी तो चित्रावर नुसते ‘आल्बर्ट’ लिहीत असे. या सुमारास त्याने आपल्या वडिलांचे अरांडा नाव सहीत जोडले आणि ‘आल्बर्ट नामाट्जिरा’ ही सही रूढ झाली. मिशनने दिलेल्या नावापुढे पित्याचे नाव स्वतःहून लिहिण्याची ही कृती लहानशी दिसते. पण पुढील सर्व चित्रे या जोडनावानेच वाचायला हवीत.

आता चित्रांकडे वळू. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. जेथे प्रकाश हवा तेथे कागद कोरा सोडावा लागतो आणि तो निर्णय कुंचला टेकवण्यापूर्वी घ्यावा लागतो. मागाहून खोडाखोड चालत नाही. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तर रंगाचा ओला थर पाहता पाहता सुकतो, म्हणून आकाश किंवा डोंगराचा उतार एका दमात रंगवावा लागतो. या शिस्तीला मध्य ऑस्ट्रेलियातील एक झाड विलक्षण अनुकूल ठरले. त्याचे नाव घोस्ट गम. निलगिरीच्या गोतातले हे झाड, खोड पिठूळ पांढरे. चांदण्यात ते भुतासारखे दिसते, म्हणून हे नाव. नामाट्जिराच्या चित्रांत हे पांढरे खोड पुन्हा पुन्हा येते. त्याच्या एका अंगाला निळसर-जांभळी सावली, सालीवरच्या सुरकुत्या आणि गाठी, उन्हात लखलखणारी दुसरी बाजू. मागे तांबडे-केशरी खडक आणि त्याहीमागे निळ्या-जांभळ्या होत गेलेल्या पर्वतरांगा. खडकांचा हा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा; आणि रंगपेटीतील गेरू, सिएना हे मातकट रंगही मुळात लोहाच्या संयुगांचेच. तेथे डोंगर आणि डोंगराचा रंग एकाच कुळातले आहेत.

युरोपीय निसर्गचित्राच्या संकेतानुसार अग्रभागी कडेला उभे असलेले झाड ही एक चौकट असते. ते नजरेला अडवते आणि मग दूरच्या दृश्याकडे, जिथे खरे ‘सौंदर्य’ आहे तिकडे, पाठवते. बॅटरबीकडून नामाट्जिराने हा संकेत घेतला हे उघडच आहे. पण त्याने तो जसाच्या तसा पाळला का? त्याच्या अनेक चित्रांत झाड चौकटीचे काम सोडून स्वतःच मुख्य पात्र होते. खोड एखाद्या व्यक्तिचित्रातील माणसासारखे समोर उभे राहते. वरचा भाग कधी कागदाच्या कडेने तोडलेला असतो, जणू हे झाड चित्रापेक्षा मोठे आहे. दूरचा डोंगरही धूसर होत नाही. अंतराबरोबर तपशील विरघळावा हा जलरंगाचा लाडका नियम. नामाट्जिराच्या डोंगरांच्या कडा, कपारी, घळी मात्र दूर असूनही स्पष्ट राहतात. जवळचे आणि लांबचे यांना जवळपास सारखेच महत्त्व मिळते. पाहुण्याला दूरचा डोंगर ही पार्श्वभूमी असते. ज्याला त्या प्रत्येक घळीची कथा ठाऊक आहे, त्याच्यासाठी पार्श्वभूमी असे काही नसतेच.

अरांडांच्या दृष्टीने ही भूमी आद्य पूर्वजांच्या प्रवासांनी घडलेली आहे. इंग्रजीने या संकल्पनेला ‘ड्रीमिंग’ असे दिशाभूल करणारे नाव दिले. स्वप्नाशी तिचा संबंध फार थोडा. कोणता झरा कोणत्या पूर्वजाचा, तेथली गीते कोणी म्हणायची, कोणी जपायची याचे काटेकोर अधिकार असतात. हरमान्सबर्गमध्येच जन्मलेल्या टी. जी. एच. स्ट्रेलो याचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला ‘साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया’ हा ग्रंथ या गीतपरंपरेचा मोठा अभ्यास आहे. नामाट्जिराने प्रामुख्याने रंगवला तो हाच पश्चिम अरांडांचा मुलूख. पवित्र कथा त्याने उघड केल्या नाहीत, तसा त्याला अधिकारही नव्हता. पण ज्या स्थळांना त्या कथा चिकटलेल्या आहेत, ती स्थळे तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. माणसे आणि प्राणी या चित्रांत क्वचितच दिसतात, म्हणून शहरी प्रेक्षकाला ती रिकामी वाटली. ती रिकामी नव्हती.

पाम व्हॅलीचे उदाहरण बोलके आहे. या दरीतील ताडाच्या जातीची झाडे भोवतालच्या रुक्ष मुलखात अनपेक्षित वाटतात. ओल्या हवामानाच्या प्राचीन युगातील हे अवशेष असावेत, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने त्यांचे नाते सुमारे १,००० किलोमीटर उत्तरेकडील ताडांशी जुळवले आणि ती सुमारे १५,००० वर्षांपूर्वी, बहुधा माणसांमार्फत, येथे आली असावीत असे सुचवले. मग लक्षात आले की कार्ल स्ट्रेलो या मिशनऱ्याने १८९४ सालीच एक अरांडा कथा टिपून ठेवली होती. उत्तरेकडून आलेल्या देवांनी ही बीजे आणली, असे त्या कथेत म्हटले होते. ज्या दरीत नामाट्जिरा जलरंग शिकला, तिच्याबद्दल ‘अडाणी’ कथेला जे ठाऊक होते ते विज्ञानाला कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता या यशाची दुसरी बाजू. १९४४ साली ‘हूज हू इन ऑस्ट्रेलिया’ या चरित्रकोशात नामाट्जिराची नोंद झाली. असा मान मिळालेला तो पहिला आदिवासी. १९५३मध्ये राणीच्या राज्यारोहणाचे पदक मिळाले, १९५४मध्ये कॅनबेरात राणीची भेट झाली. विल्यम डार्गीने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला १९५६चे आर्चिबाल्ड पारितोषिक मिळाले. आणि याच काळात त्याने गुरे चारण्यासाठी जमिनीचा पट्टा मागितला, तो नाकारला गेला. अॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधू पाहिले, तेही कायद्याने नाकारले. ज्या भूमीची चित्रे दिवाणखान्यांत लागत होती, त्या भूमीत चित्रकाराला घर करता येत नव्हते. तो गावाबाहेर मॉरिस सोक येथील तळावर राहिला.

१९५७ साली नॉर्दर्न टेरिटरीमधील जवळजवळ सर्व आदिवासींना सरकारी पालकत्वाखालील ‘वॉर्ड’ ठरवणारी नोंदवही अमलात आली. नामाट्जिराचे नाव तीतून वगळले गेले, म्हणजे त्याला नागरिकत्व मिळाले. त्याला मतदान करता येणार होते, दारू विकत घेता येणार होती. परंतु त्याची प्रौढ मुले आणि आप्त वॉर्डच राहिले. आपल्याजवळचे आप्तांशी वाटून घेणे हा अरांडा जीवनाचा मूलभूत धर्म, आणि वॉर्डला दारू देणे हा कायद्याने गुन्हा. १९५८मध्ये हेनॉक राबेराबा या आप्त-चित्रकाराला रम पुरवल्याच्या आरोपाखाली त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. देशभर गदारोळ उठला. अपिलात शिक्षा तीन महिन्यांवर आली, उच्चतम न्यायालयात दाद लागली नाही. पापुन्या येथील वसाहतीत दोन महिने स्थानबद्ध राहून तो मे १९५९मध्ये सुटला आणि ८ ऑगस्ट १९५९ रोजी अॅलिस स्प्रिंग्जमध्ये मरण पावला. वय ५७. नागरिकत्व देताना त्याला माणसांतून वेगळे काढले गेले होते. त्याचा अपराध इतकाच की तो वेगळा निघाला नाही.

समीक्षेनेही त्याला असेच कोंडीत धरले. आधुनिकतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना त्याची चित्रे जुनाट, पर्यटकी वाटली. आदिम कलेच्या चाहत्यांना ती गोऱ्यांची नक्कल वाटली. दोन्ही पक्षांच्या मते त्याने स्वतःचे काही केलेच नव्हते. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच पापुन्यात, जेथे त्याने शिक्षा भोगली होती, जेफ्री बार्डन या शाळामास्तराच्या प्रोत्साहनाने ठिपक्यांच्या चित्रांची प्रसिद्ध चळवळ सुरू झाली आणि तिला यथावकाश ‘अस्सल’ आदिवासी कला म्हणून जगभर मान मिळाला. तो मान सार्थ आहे. पण तेथील अॅक्रिलिक रंग, फलक आणि कॅनव्हास हेही बाहेरून आलेले होते आणि प्रोत्साहन देणारा शिक्षकही बाहेरचाच होता. तेव्हा अस्सलपणा माध्यमावरून ठरतो, हा युक्तिवाद टिकत नाही. खरा फरक असा की ठिपक्यांचे चित्र पाहताना प्रेक्षकाला आपण परके आहोत हे कळते. नामाट्जिराचे चित्र त्याला ओळखीचे वाटते आणि म्हणून त्यातले न कळणारे त्याच्या नजरेतून निसटते.

इयन बर्न आणि अॅन स्टीफन यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ‘नामाट्जिराचा गोरा मुखवटा’ अशी संज्ञा वापरून या प्रश्नाला हात घातला. शीर्षकातील फ्रान्ट्झ फॅनन याच्या ग्रंथाचा प्रतिध्वनी वाचकांच्या ध्यानात येईलच. होमी भाभा ज्याला अनुकरणातील दुहेरीपणा म्हणतात, तो येथे जलरंगात दिसतो. अनुकरण इतके नेमके की जवळजवळ तेच. आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच सारा विरोध साठलेला. पुढे २००२ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, नॅशनल गॅलरीने अॅलिसन फ्रेंच यांच्या संयोजनाखाली भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनाने त्याचे स्थान पक्के केले. आपल्याकडे देशीवादाच्या चर्चेत परक्या वाङ्मयप्रकाराची शुद्धाशुद्धता वारंवार तपासली जाते. नामाट्जिराची चित्रे त्या चर्चेला एक उपयुक्त पुरवणी देतात. रूप कोठून आले यापेक्षा, ते घेऊन कोण कोठे उभा आहे आणि काय पाहतो आहे, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

मालकीचा प्रश्न त्याच्या मृत्यूनंतरही सुटला नाही. १९८२मध्ये मिशनची जमीन अरांडांना परत मिळाली. आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारी विश्वस्ताने नामाट्जिराच्या चित्रांचा स्वामित्वहक्क कुटुंबाला न विचारता एका प्रकाशन संस्थेला ८,५०० डॉलरला विकून टाकला. २०१७मध्ये तो एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात नामाट्जिरा लेगसी ट्रस्टकडे परत आला. मधली ३४ वर्षे आजोबांच्या डोंगरांच्या प्रतिमांवर नातवंडांचा कायदेशीर हक्क नव्हता.

अॅलिस स्प्रिंग्जजवळची, त्याच्या चित्रांमुळे प्रसिद्ध झालेली दोन जुळी घोस्ट गम झाडे २०१३च्या आरंभी जळून गेलेली आढळली. आग मुद्दाम लावल्याचा संशय होता. वारसायादीत त्यांची नोंद होण्याच्या बेतात होती. २०२० साली आल्बर्टचा पणतू व्हिन्सेंट नामाट्जिरा याने आर्चिबाल्ड पारितोषिक मिळवले. ते मिळवणारा तो पहिला आदिवासी चित्रकार. पण त्याहून मला महत्त्वाची वाटते ती अॅलिस स्प्रिंग्जमधील इल्ट्या न्टारा या कलाकेंद्राची गोष्ट. तेथे नामाट्जिराचे नातेवाईक आणि इतर अरांडा चित्रकार आजही जलरंगातच, त्याच पर्वतरांगा रंगवतात. पांढऱ्या खोडाची जागा आजही आधी ठरवावी लागते आणि कागद तेथे कोरा राखावा लागतो. ‘मृत हृदय’ हे नाव आता जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उरले आहे. रुचिप्मा हे नाव नकाशांवर आणि फलकांवर पुन्हा लिहिले जाऊ लागले आहे.